बोटभर उतार

गोटी मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात गुडघे टेकून बसला, खिशातून काचेची गोटी काढली, नव्या कोऱ्या फरशीवर अलगद ठेवली आणि श्वास रोखून धरला. गोटी बोटभर पुढे गेली, जागच्या जागी जरा डुलली आणि थांबली.

"उतार आहे," मिस्त्री म्हणाला.

मागे त्याची बायको उभी होती. एका हातात अंड्यांचा ट्रे, दुसऱ्या हातात साखरेचा डबा.

"काय आहे?"

"उतार. ओट्याच्या भिंतीकडे. बारीक आहे, पण आहे."

"अहो, बोटभर सरकली ती गोटी. बोटभर!"

"बोटभर म्हणजे उतारच की. सपाट जमिनीवर गोटी बोटभर तरी का सरकेल?"

बायकोने अंड्यांचा ट्रे हळूच खाली ठेवला. हातात ठेवला असता तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती.

ही फरशी दोनदा उखडून झाली होती. पहिल्यांदा घातली तेव्हा गोटी बोटभर सरकली, म्हणून उखडली. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा तेच. आता ही तिसरी. हिवाळा संपून उन्हाळा संपायला आला, तरी बायकोची शेगडी न्हाणीघरासमोरच्या बोळात होती. आंघोळीला जाणाऱ्याने आधी "फोडणी झाली का?" असं विचारायचं आणि मगच पुढे जायचं. मिस्त्रीची आई कणकेच्या आणि तांदळाच्या डब्यांमध्ये झोपत होती. बायकोने हौसेने आणलेला मोठा ओव्हन खोक्यातून बाहेरच आला नव्हता. निजायच्या खोलीत तो खोक्यासकट उभा होता आणि त्यावर ओले टॉवेल वाळत होते.

"मला बाई सगळं अगदी अचूकच लागतं," असं छाती फुगवून सांगणारी माणसं भेटतात ना, त्यांचं म्हणणं ऐकून भारावून जाऊ नये. सरळ त्यांच्या घरी जावं आणि बोळात कोण बसलंय ते बघावं. एकाच्या अचूकपणासाठी घरात नेहमी दुसरं कुणीतरी धूर खात असतं.

पण मिस्त्री वाईट माणूस नव्हता. ऐन विशीपासून त्याने दुसऱ्यांच्या घरात फरश्या घातल्या. मोठमोठे दिवाणखाने, बँकांचे हॉल, दवाखान्यांचे जिने. लोक आत यायचे आणि मान वर करून झुंबर बघायचे. "वा, काय झुंबर आहे!" म्हणायचे, आणि ते म्हणताना चपला घासायच्या त्याच्या फरशीवर. एकदाही कुणी खाली बघून "वा" म्हटलं नाही. फरशीचं असंच असतं. ती चांगली झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि वाईट झाली तर सगळे अडखळतात. मिस्त्रीला आयुष्यात एक फरशी अशी घालायची होती की येणारा दारातच थबकला पाहिजे. ठेकेदार तर असलं काही करू देत नव्हता. त्याला लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्ये आला की पुरे. "चल, पुढची खोली घे." राहता राहिलं स्वतःचं स्वयंपाकघर.

"अहो, ती लेव्हलची नळी लावा ना," बायको म्हणाली. "बुडबुडा मध्ये येतोय का बघा."

"लावली. मध्येच आहे."

"मग?"

"बुडबुड्याचं काय घेऊन बसलीस! तो ठेकेदाराची नोकरी करतो. गोटी खोटं बोलत नाही. वस्तादांनी दिलेली आहे ती."

वस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला ते. मरायच्या आधी त्यांनी ही गोटी त्याच्या तळहातावर ठेवली होती. आतून हिरवी, त्यात एक पांढरी वळी. तेव्हापासून ती याच्या खिशात आणि हे नाव याच्या कपाळी.

"हे बघा," बायकोने पदर खोचला, "शनिवारी समोरच्या शाळेतल्या हेडबाईंचा निरोप समारंभ आहे. तीन मजली केक. माझी पहिली ऑर्डर. मी हो म्हणून बसलेय. आज ओव्हन लागला तर उद्या केक भाजेन. नाही लागला तर सगळ्या शाळेसमोर माझं नाक कापलं जाईल, आणि पुन्हा या गल्लीत कुणी मला साधा पावसुद्धा सांगणार नाही."

"सोमवारपर्यंत मी नवी..."

"हेडबाई सोमवारपर्यंत थांबतील का? त्यांना सांगू, बाई, अजून दोन दिवस नोकरी करा, आमच्या ह्यांची गोटी सरकतेय?"

"अगं, पण चुकीच्या फरशीवर ओव्हन ठेवायचा म्हणजे..."

"तुम्ही छिन्नी उचलली ना, तर मी ऑर्डर परत करणार नाही. तुम्हाला परत करेन. तुमच्या आईला."

आई बोळात लसूण सोलत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मला नको गं बाई. एकदा दिलेला माल आम्ही परत घेत नाही."

"आई, तू तरी!"

"काय मी तरी? लहानपणी एक झ काढायला पाटी फुटेपर्यंत पुसायचास. बापाने नवी पाटी आणली, तर तिची चौकट वाकडी म्हणून रडलास. तेव्हाच दोन धपाटे घातले असते तर आज मी डब्यांमध्ये झोपले नसते."

मिस्त्रीने खुंटीवरची पिशवी काढली आणि पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. बायकोचा चेहरा त्याला दिसत होता. ती चिडली की त्याला भीती वाटत नसे, चिडणारं माणूस जागेवर असतं. पण आता ती गप्प झाली होती. लग्नानंतर ती एकदाच अशी गप्प झाली होती, आणि त्या वेळी ती महिनाभर भावाकडे राहून आली होती. एवढं सगळं समजत असूनही त्याचे डोळे सारखे ओट्याच्या भिंतीकडे जात होते. दात किडलेल्याची जीभ जशी परत परत त्याच दाताकडे जाते, तसे. महत्त्वाकांक्षा म्हणा, खाज म्हणा. पुस्तकातली नावं भारी असतात, पण खाजवल्याशिवाय चैन पडत नाही ही गोष्ट एकच.

"थांबा," बायको म्हणाली.

ती त्याला ओलांडून आत गेली. ओट्याच्या भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून, मांडी घालून फरशीवर बसली.

"उखडायचीच आहे ना? मग आधी मला दिसू दे. माझ्यासमोर सरकली तर मी स्वतः पहिला घाव घालते. द्या ती गोटी."

मिस्त्रीने गोटी दिली. तिने चणा टाकावा तशी ती खाली टाकायला घेतली.

"अशी नाही!" तो कळवळला. "अशी धर. दोन बोटांत. आणि हे बघ, हा डाग पलीकडे. आपल्यापासून लांब." त्याने वाकून तिच्या बोटांतली गोटी फिरवून दिली. "आता सोड. ढकलू नको."

तिने सोडली. गोटी बोटभर पुढे गेली, जरा डुलली आणि थांबली.

"बघितलंस?" मिस्त्री म्हणाला. "गेली की नाही उताराकडे?"

बायको गोटीकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"कुठे गेली?"

"उताराक..." मिस्त्रीचं तोंड उघडंच राहिलं.

गोटी दाराकडे आली होती. त्याच्या दिशेने.

"सकाळपासून उतार भिंतीकडे होता," बायको हळूहळू म्हणाली. "आता दाराकडे झाला? मी बसले म्हणून जमीन उलटी कलली का? एवढी काही जाड झाले नाही मी."

"तू ढकललीस."

"माझी शपथ. आई, मी ढकलली का?"

आई लसणाचं ताट बाजूला सारून दाराशी आली होती. "नाही. आणि डाग कसला म्हणालास रे? या गोटीला डाग कधीपासून?"

मिस्त्रीचे कान लाल झाले. शाळेत खिशात चिंचा सापडल्यावर व्हायचे तसे.

"ते... काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"हिवाळ्यात पडली होती हातातून. दवाखान्याच्या जिन्यावर. एक टवका उडाला."

"आणि?"

"आणि मी भरला तो. बेमालूम. लोखंडाचा कीस आणि एपॉक्सी, तेच जे आपण सांध्यात भरतो. वर हिरवा रंग दिला. तीन रात्री घासत होतो. भिंगातून बघितलंस तरी सांधा सापडायचा नाही." बोलता बोलता त्याचा आवाज चढला. एवढ्या महिन्यांत ही कारागिरी त्याला कुणाला सांगता आली नव्हती. "फक्त मला माहीत आहे तो कुठे आहे. म्हणून मी तो पलीकडे धरतो. डोळ्यांसमोर नको वाटतो."

मग बायकोने विचारलं, आणि फार गोड आवाजात विचारलं:

"लोखंड जड की काच?"

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. गोटीकडे बघितलं. मग तो फरशीवर पालथाच झोपला, गाल टेकवून, आणि गोटी डाग आपल्याकडे करून सोडली. गोटी बोटभर त्याच्या नाकाकडे आली, डुलली, थांबली. डाग डावीकडे करून सोडली, गोटी डावीकडे. उजवीकडे करून सोडली, उजवीकडे. जड बाजू खाली जाईपर्यंत ती बिचारी वळत होती, बाकी काही नाही. पोट जड झालेला माणूस कुशीवर वळतो तशी.

"पाणी आण गं," आई म्हणाली.

बायकोने वाटीभर पाणी ओतलं. पाणी पडलं तिथेच गोल पसरून बसलं. ना भिंतीकडे गेलं, ना दाराकडे.

"म्हणजे फरशी बरोबर आहे," मिस्त्री पुटपुटला. आणि मग त्याला पुढचं उमगलं. तो उठून बसला. "म्हणजे आधीच्या दोन्ही... पहिलीसुद्धा?"

"पहिलीसुद्धा," बायको म्हणाली.

"अचूक?"

"अचूक. तुम्ही दोन अचूक फरश्या फोडल्या आणि पोत्यात भरून गल्लीच्या टोकाला टाकून आलात."

तो रडेल की काय, असं वाटलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते त्याच्या हातून एकदा नाही, तीनदा झालं होतं, आणि दोनदा त्यानेच हातोडी घातली होती. दारात थबकून "वा" म्हणणारा एक माणूस त्याला हवा होता. तो माणूस दारातच गुडघे टेकून बसला होता आणि छिन्नी शोधत होता.

पण बायकोला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग ती ओल्या फरशीवर आडवीच झाली. "टवका दिसू नये म्हणून..." तिला पुढचं बोलवेना. आईने तोंडाला पदर लावला, पण पदराने ते आवरण्यासारखं नव्हतं. मिस्त्री थोडा वेळ रागावलेला राहिला. राहावंच लागतं, नाहीतर माणसाची किंमत राहत नाही. मग तोही खोखो हसत सुटला.

"उठा आता," बायकोने डोळे पुसले. "ओव्हन आणा."

खोकं फुटलं, टॉवेल उडाले. मिस्त्री आणि बायकोने दोन्हीकडून ओव्हन उचलला. आई मध्ये उभी राहून कुणालाच उपयोग नाही अशा सूचना देत होती. डावीकडे, अरे माझ्या डावीकडे. खोलीच्या बरोबर मध्यावर बायकोचा हात घामाने सटकला. ओव्हनचा एक पाय फरशीवर आदळला.

टक्.

सगळ्यात चांगल्या फरशीवर, दारातून पहिली नजर जाईल त्या जागी, बोराएवढा टवका उडाला.

कुणी हललं नाही. बायको ओव्हन धरून तशीच उभी. आईने डोळे मिटले.

मिस्त्री वाकला. त्याने टवक्याच्या खळग्यावरून अंगठा फिरवला. एपॉक्सीचा डबा पिशवीत होता. रंग होता. तीन रात्री घासलं तर भिंगातूनही दिसला नसता. त्याच्या बोटांना सुरसुरी आली. मग त्याला ती कुशीवर वळणारी गोटी आठवली. न दिसणारा डाग त्याने हिवाळ्यापासून खिशात वागवला होता, आणि त्या डागाने सगळ्या घराला बोळात बसवलं होतं. दिसणारा टवका काय करणार होता? फार तर पायाला लागेल.

त्याने खिशातून गोटी काढली आणि खळग्यात ठेवली. गोटी सरकली नाही. डुलली नाही.

"बसली गप," तो म्हणाला. "ओव्हन उचल. हात पुस आधी."

शुक्रवारी दुपारपासून घरात लोण्याचा आणि भाजलेल्या साखरेचा वास भरून राहिला. शनिवारी सकाळी तीन मजली केक ओट्यावर उभा होता, पांढराशुभ्र, बाजूला साखरेची फुलं. शाळेचा शिपाई दारात येऊन थांबला होता. तो आत बघून थबकला आणि म्हणाला, "वा!"

मिस्त्रीने छाती फुगवली. शिपाई केककडे बघत होता. मिस्त्रीने छाती परत आत घेतली.

"झाला का हो ताई?" शिपायाने विचारलं. "बाई हार घालून बसल्यात."

"आलेच," बायको म्हणाली, आणि सुरीने वरच्या थराचं क्रीम पुन्हा एकदा सारखं केलं. मागे सरून डोळे बारीक केले. पुढे येऊन पुन्हा सारखं केलं.

"अगं, झालाय तो," मिस्त्री म्हणाला.

"नाही हो. डावी बाजू किंचित वर वाटतेय. केसभर. तुम्हाला नाही दिसायचं."

तिने सगळ्या थरावरचं क्रीम खरवडायला घेतलं. आईने कपाळावर हात मारला. "घ्या! ही साथ पसरली की घरात."

मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. केकच्या डाव्या बाजूकडे बघितलं. नुसत्या सवयीने त्याचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. त्याची नजर सावकाश खोलीच्या मध्यावरच्या खळग्याकडे वळली.

"खबरदार!" आई ओरडली आणि म्हातारपणाला न शोभणाऱ्या चपळाईने गोटीवर पाय देऊन उभी राहिली. "शिपाईभाऊ, बघताय काय? उचला तो केक आणि पळा!"