आवाज: नाही

"परत वाजलं," मास्तर म्हणाले.

"काय वाजलं?" बायकोनं विचारलं.

"टक् झालं. लिफ्टनं तिसरा मजला सोडला की होतं."

"मला नाही बाई काही ऐकू आलं. आणि हळू बोला, ओरडताय."

स्टुलावर बसलेल्या लिफ्टवाल्या बाईनं मान वर केली नाही. एरवी ती मास्तरांशी भरभरून बोलायची. आज बटणांकडे बघत बसली होती.

दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर कानाचा विभाग. मास्तरांच्या डोक्यात ऐकू येण्यासाठी इम्प्लांट बसवून चार महिने झाले होते, चालू करून तीन. कानामागे प्रोसेसर, त्याच्या वायरीला रुपयाएवढी चकती. चकती लोहचुंबकानं डोक्याला चिकटायची. चिकटली की जग चालू, काढली की बंद. सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे यायचे. बायकोचा सुद्धा. पहिल्या दिवशी तो ऐकून मास्तर रडले होते आणि बायको म्हणाली होती, "एवढा वाईट आहे का?"

ऑडिओलॉजिस्ट तरुण मुलगी होती. कॉम्प्युटर जोडून ती एकेक सूर सोडायची, मास्तर बोट वर करायचे. ह्याला मॅपिंग म्हणायचं.

"छान चाललंय काका. काही त्रास?"

"तुमची लिफ्ट वाजते."

ती हसली. "काका, मेंदू अजून शिकतोय. एकाला तर पंख्यातून माणसं बोलतायत असं वाटायचं. थोडा वेळ द्या."

"म्हणजे डोक्यातच वाजतंय?"

"असू शकतं. मी लिफ्टमधली नाही ना, कानातली आहे."

बायको हसली. मास्तरांनाही हसावंसं वाटलं, पण हसू येईना.

कारण ही लिफ्ट त्यांचीच होती. लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीकडून एकोणीस वर्षं तेच ती बघत होते. शहरातल्या बत्तीस लिफ्ट त्यांच्या नावावर, आणि ऑफिसात त्यांना सगळे कानमास्तर म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. "बेअरिंग. दोन महिने काढेल." आणि बरोब्बर दोन महिने काढायचं. मग अडीच वर्षांपूर्वी कान उतरायला लागले. मास्तर कुणाला बोलले नाहीत. कानमास्तरला ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार? स्क्रूड्रायव्हर दातात धरून थरथर बघायचे आणि उतरताना कार्ड भरायचे. कार्डावर पाच रकाने. ब्रेक, तेल, दार, दोरी, आवाज. दोरी ते कधी डोळ्यांनी बघायचेच नाहीत. तुटलेली तार चाकावरून जाताना बोलते, हे त्यांना पंचवीस वर्षं पाठ होतं. ती बोलली नाही म्हणजे दोरी ठीक. म्हणून शेवटचा रकाना भरला की चौथा आपोआप भरायचा.

आवाज: नाही.

खोटं लिहिलं नव्हतं त्यांनी. त्यांना नव्हताच येत.

"तू बस, कानाच्या बॅटऱ्या घे," मास्तर बायकोला म्हणाले. "मी आलोच."

लिफ्टमध्ये ते एकटे शिरले. बाईनं विचारलं, "खाली?"

"खाली. मग परत वर."

तिसरा येता येता टक्. वर येताना त्याच जागी टक्. मास्तरांनी चकती काढली. शांतता. पुन्हा लावली.

"बाई, एक विचारू? खरं सांगायचं. तिसऱ्याच्या वर काही वाजतं का हो?"

बाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांना ओठही दिसावेत म्हणून असेल, तोंड समोर करून सावकाश बोलली.

"मास्तर, ते तर वर्ष झालं वाजतंय. आधी बारीक होतं. मी दोनदा तक्रार लिहून दिली. इथल्या साहेबांनी तुमचं कार्ड दाखवलं. म्हणाले, कानमास्तर नाही म्हणतो आणि तुला येतो होय? मग मला वाटलं, माझेच कान वाजतायत."

मास्तरांनी तिला लिफ्ट चौथ्यावर रिकामी करून दार उघडं ठेवायला सांगितलं आणि जिन्यानं गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले.

ह्या लिफ्टचा मेन स्विच खाली ओढला. तिथल्या बॅटरीच्या उजेडात मोठ्या चाकाखाली वाकले. शोधावं लागलंच नाही. पोलादी दोरीच्या एका जागी तारा तुटून बाहेर आल्या होत्या, उसवलेल्या सुतळीसारख्या. शेजारच्या दोरीवरही तेच. चाकावर त्या तारांनी खाच पाडली होती.

भिंतीला खिळ्यावर दोन कार्डं. हे ह्या पहिल्या लिफ्टचं, ते शेजारच्या दुसऱ्या लिफ्टचं. दोन्हींवर वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही. गेले चार महिने बदलीचा मेकॅनिक यायचा, त्यानंही वरचं बघून खाली तेच उतरवलं होतं. कानमास्तरच्या खाली वेगळं कोण लिहिणार?

मास्तरांनी पहिल्या कार्डावर तारीख घातली. आवाज: आहे. सही केली. मग ऑफिसला फोन लावला.

"मी बोलतोय. दवाखान्याची पहिली बंद केली. बाकीच्या एकतीस पण आजच बघायला घ्या. सगळ्या. मला ऐकू येत नव्हतं साहेब. अडीच वर्षं."

पलीकडून खूप वेळ काहीतरी येत राहिलं. ओरडणं होतं की विचारणं, कळेना. फोनवर त्यांना अजून शब्द लागत नव्हते, नुसता पत्रा वाजायचा. त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या चाकाखाली वाकायचं होतं. बॅटरी हातात होती. पण खाली बायको वाट बघत होती. माणूस स्वतःला सांगतो तसं त्यांनी सांगितलं, तिला उतरवून लगेच येतो.

बायको दुसऱ्या लिफ्टसमोर उभी होती, बोट बटणावर.

"जिन्यानं चल."

"अहो, चार मजले? माझे गुडघे माहीत आहेत ना? ही चालू आहे की."

"चल म्हटलं ना."

तिनं त्यांचा चेहरा बघितला आणि बोट काढलं. दोघं उतरायला लागले. ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीपलीकडून दुसरी लिफ्ट वर गेली. आत कोणीतरी लहान मूल हसत होतं.

बायको थांबली.

"अहो," ती म्हणाली, "आता काहीतरी वाजलं ना?"

मास्तरांनी चकतीला हात लावला. काढली नाही. बायकोचा हात कठड्यावर नीट ठेवला, पिशवी पायरीवर टेकवली.

"इथंच बस. हलू नको."

भिंतीपलीकडे आवाज चढत होता. मास्तरही गच्चीकडे चढायला लागले.