गरम रक्ताचा माणूस

ओल्या पावलांची ओळ न्हाणीपासून ओसरीपर्यंत गेली होती. शहाबादी फरशीवर हिवाळ्यात पाणी लवकर वाळत नाही, त्यामुळे एकेक पाऊल बोटांसकट शाबूत होतं. तुळजाबाई केरसुणी घेऊन वाकल्या आणि तशाच थांबल्या. डाव्या पावलात, अंगठ्याच्या खाली, ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस ठिपका होता. पुढच्या डाव्या पावलातही होता, त्याच जागी, जरासा फिका. त्याच्या पुढच्यात आणखी फिका. उजव्या पावलांत काहीच नव्हतं.

कुंकू असतं तर एकाच ठिकाणी सांडलं असतं. माती म्हणावी तर या शिवारात लाल माती नाही, सगळी काळीच. त्यांनी ठिपक्याला बोट लावलं आणि ते दाराच्या उजेडात धरलं. रक्त होतं.

ही खोड त्यांना लहानपणापासूनची. कोंबडीचं अंडं उन्हात धरून आत काय हलतंय ते बघायचं, मुंग्यांच्या वाटेत काडी आडवी ठेवून त्या कुठून वळतात ते बघायचं. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, ही कामाला बसली की कामच हिच्याकडं बघत बसतं.

अंगणात भुजंगराव तुराट्यांचा जाळ करून शेकत बसले होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, पायात काही नाही. समोरून जाणारा वीरण्णा मफलरीतून फक्त नाक बाहेर काढून म्हणाला,

"काका, कमाल हाय राव तुमची. हितं आमचे दात वाजायलेत अन् तुमी उघडेच!"

"रक्त गरम हाय बाबा," भुजंगराव म्हणाले. "जुनं खाल्लेलं."

वीरण्णा हसत पुढं गेला. दोन हिवाळे झाले, गावात भुजंगरावांचं हे असं नाव झालं होतं. पहाटे दवात अनवाणी शेतात जाऊन येणारा माणूस. पुनमनं, म्हणजे मुलाच्या, वैजूच्या बायकोनं, लातूरहून लोकरीचे मोजे आणि मऊ बूट पाठवले होते, ते पिशवीतच होते. तुळजाबाईंनाही आतून अभिमान वाटायचा. त्यांच्या स्वतःच्या टाचांना मार्गशीर्ष लागला की भेगा पडायच्या, गार फरशीवर पाय टेकवत नसे.

"डावा पाय दाखवा बरं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"दाखवा तर."

अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडून आत बसला होता. काळं टोक तेवढं वर दिसत होतं. तुळजाबाईंनी घरातून सुई आणली, ती जाळात धरली, पाय मांडीवर घेतला. काटा खोल होता. कातडं उकरून काढावा लागला. तो निघाला तेव्हा अर्ध्या बोटाएवढा लांब होता.

पण तुळजाबाईंची नजर काट्यावर नव्हती. सुई आत गेली तेव्हा भुजंगराव बिनसाखरेच्या चहाचा घोट घेत होते. घोट थांबला नाही. कप हलला नाही. ते समोरच्या कडब्याच्या गंजीवर बसलेल्या साळुंक्या बघत होते.

"निघाला का?" त्यांनी विचारलं.

"निघाला."

"कवा घुसला काय की."

तुळजाबाईंनी काटा फेकला नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीत दोन बादल्या ठेवल्या. एक चुलीवरच्या पाण्याची, वाफा येणारी. दुसरी हौदातली, हात घातला तर मनगटापर्यंत कळ जाईल अशी. भुजंगराव दगडावर बसले तशा त्या म्हणाल्या, "थांबा, पाय मी धुते. जखम भिजंल." आणि तांब्या हौदाच्या पाण्यात बुडवून त्यांनी सावकाश उजव्या, न दुखावलेल्या पावलावर धार धरली.

"पाणी कसं हाय?"

"बेस हाय की. जरा जास्तच तापलंय."

तुळजाबाईंनी वर बघितलं. भुजंगराव वाफांच्या बादलीकडं बघत होते.

दिवसभर त्या गोष्टीचा विचार त्यांनी हातातल्या कामाबरोबर केला. परवा येळवस होती. मार्गशीर्षातली ही अमावास्या आली की सगळं गाव शेतात जेवायला जातं. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं होतं, भज्जीसाठी तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे सोलायचे होते. दाणे सोलता सोलता त्यांच्या लक्षात आलं की सकाळचं उत्तर पायानं दिलं नव्हतं. डोळ्यांनी दिलं होतं. मग डोळे मिटून विचारायला हवं.

संध्याकाळी जाळापाशी त्यांनी कडब्यातलं ज्वारीचं एक वाळकं पान घेतलं. आधी स्वतःच्या भेगाळलेल्या पायावर फिरवून पाहिलं. टाचेला काही कळलं नाही, पण बोटांशी इतकी गुदगुली झाली की त्यांनी पाय ओढून घेतला.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या.

"आता हे काय काढलंस?"

"मिटा तर. लेकरांसारखं बघू नका मधीच. मी पान कुठं टेकवायले ते सांगायचं."

भुजंगराव हसले. "म्हातारपणी खेळ सुचायलेत हिला." पण त्यांनी डोळे मिटले आणि पाय पुढं केला.

तुळजाबाईंनी करंगळीला पान लावलं.

"करंगळी."

त्यांनी टाचेला लावलं.

"अंगठा. न्हाई, मधलं बोट."

त्यांनी अंगठ्याला लावलं.

"तळवा."

तुळजाबाई थांबल्या. पान त्यांनी बाजूला, जमिनीवर ठेवलं. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि विचारलं,

"आता?"

भुजंगरावांच्या कपाळाला आठी पडली. ओठ जरा हलले. नीट ऐकू न आलेली हाक ओळखायचा प्रयत्न करावा, तसं.

"अंगठा," ते म्हणाले. "अंगठाच हाय."

जाळात एक तुराटी फुटली. भुजंगरावांनी डोळे उघडले. आधी बायकोच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग जमिनीवरच्या पानाकडं.

इतका वेळ तुळजाबाईंना वाटत होतं की या माणसाला आपल्या पायाचं ठाऊकच नाही. आता कळलं, की ज्याला ठाऊक नसतं तो असे अंदाज ठोकत नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

भुजंगरावांनी पाय ओढून धोतराखाली घेतला.

"मागल्या येळवशीला पेटत्या पेंढीचा हेंडगा घेऊन पळलो न्हाई का मी. त्यातला निखारा पायाखाली आला. सगळे म्हणायले, वा रे वा, म्हातारा विस्तवावरून चालला. मला तर काही कळलंच न्हवतं. ते वरडायले म्हणून खाली बघितलं."

"घरी येऊन चुलीपाशी भाजलं म्हणलाव तुमी."

"मग काय म्हणू?" ते जाळाकडं बघत म्हणाले. "त्याच्या आदीपासूनच जरा जरा. कापसावरून चालल्यासारखं. वाटलं, वयानं असंल. अन् समदे म्हणायले रक्त गरम हाय. मला बी ते बरं वाटलं."

जळकोटला शिबिरात डॉक्टरनं साखर आहे म्हणून सांगितलं होतं, पुन्हा येऊन दाखवा म्हणाला होता. भुजंगरावांनी चहातली साखर सोडली होती आणि तेवढ्यात तो विषय मिटवला होता. तुळजाबाईंनीही मिटवू दिला होता. ते आठवलं तशी त्यांची नजर पदराच्या गाठीकडं गेली.

"दवाखान्यात जाऊ," त्या म्हणाल्या. "वैजूला फोन लावते."

"न्हाई." भुजंगरावांचा आवाज चढला. "त्याला एक शबूद बोलायचा न्हाई. आपल्या गावचा रामकिशन बी साखरेपायीच दवाखान्यात दोन पायांवर गेलता. परत कितीवर आला?"

"रामकिशन उशिरा गेलता."

भुजंगरावांनी काडीनं निखारे सारखे केले.

"येळवस होऊ दे," शेवटी ते म्हणाले. "मग बघू."

सोयाबीन निघू दे, हरभरा पेरून होऊ दे, हे तुळजाबाईंनी याआधी ऐकलं होतं. तेव्हा ते दुखऱ्या दाढेबद्दल असायचं, नाहीतर खोकल्याबद्दल. त्या उठल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या,

"मी न्हाई सांगणार. पाय तुमचा हाय, तोंड बी तुमचंच हाय."

*

येळवशीच्या दिवशी वैजनाथ आणि पुनम सकाळीच लातूरहून आले. शेतात कडब्याची कोप उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पाच पांडव मांडले होते. आल्यागेल्यांच्या वहाणांचा ढीग बांधावर. शेतात आज कुणी काही घालून जात नाही. रामकिशनला वीरण्णानं मोटारसायकलवर आणलं होतं. कुबड्या कोपीला टेकवून तो पोत्यावर बसला होता आणि पुनमला म्हणत होता,

"सूनबाई, माझी वहाण शोधायला सोपी. एकलीच असती."

"अन् आंबील?"

"ती मात्र दोन पायांच्या माणसाएवढीच वाढ."

सगळे हसले. भुजंगराव हसले नाहीत. रामकिशनच्या गुडघ्याशी दुमडून खोचलेल्या धोतराकडं ते बघत होते. तुळजाबाईंनी पाहिलं म्हणून त्यांनी नजर वळवली.

पूजा झाली. आता आंबील शिंपायची. घरधनी आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी घालतो, बायको मागून लिंबाच्या डहाळीनं शिंपडत जाते. प्रत्येक कोपऱ्यावर घरधन्यानं आरोळी द्यायची आणि कोपीपाशी बसलेल्यांनी ती उचलायची. आरोळीतल्या शब्दांचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही. ते कानडी असावेत असं वैजनाथचं म्हणणं. ती मात्र खणखणीत झाली पाहिजे, यावर गावाचं एकमत होतं, आणि भुजंगरावांची शेजारच्या शिवारात ऐकू जायची.

"काकाचे पाय बघा," वीरण्णा पुनमला म्हणाला. "हितं सोयाबीनचे खुटे हायत, आमी वाकडे वाकडे चालतो. काका बघा कसे गालिच्यावरून चालल्यासारखे."

मडकं खांद्याशी धरून भुजंगराव निघाले. मागं तुळजाबाई. त्यांनी डहाळी आंबिलीत बुडवली, शिंपडली, पुन्हा बुडवली. दरवर्षी फेरीला नवऱ्याची मान वर असायची. लांबवर, शिवाराच्या टोकाकडं बघत ते चालायचे. आज मान खाली होती. प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी ते जागा बघत होते, पाय ठेवत होते, ठेवलेला पाय बघत होते आणि मगच दुसरा उचलत होते. लांबून पाहणाऱ्याला ती सावकाश, भक्तीची चाल वाटली असती.

पहिला कोपरा आला. त्यांनी आरोळी दिली, कोपीपासून ती परत आली. वीरण्णाचा आवाज सगळ्यांत वर होता.

दुसरा कोपरा सगळ्यांत लांबचा, तुरीच्या पट्ट्यापलीकडं. तिथं पोचायच्या आधी एका खुंटाशी भुजंगरावांचा तोल गेला. मडकं हिंदकळलं, आंबील हातावरून ओघळली. तुळजाबाईंनी पुढं होऊन मडक्याला हात लावला. सुटत असलेलं मडकं दोघांच्या चार हातांत राहिलं.

भुजंगरावांच्या डाव्या पावलाभोवती काळी माती ओली झाली होती. ती आंबिलीनं ओली झाली की आणखी कशानं, ते काळ्या मातीवर दिसत नव्हतं. भुजंगराव वाकून बघत राहिले.

"लागलं का काही?" त्यांनी विचारलं.

असा प्रश्न त्यांनी यापूर्वी कधी विचारला नव्हता. तुळजाबाई खाली बसल्या, पाय उचलून पाहिला.

"काटा निघाला ती जागा उलीय."

"हां."

"बांधू का?"

"बांध."

त्यांनी पदराचं टोक फाडलं. गाठीतला काटा जमिनीवर पडला. तो दोघांनीही पाहिला. पट्टी बांधून होईपर्यंत भुजंगराव मडकं पोटाशी धरून उभे होते.

कोपीकडून हाक आली, "काका, आवाज येईना! कोपरा आला न्हाई का अजून?"

उरलेली पावलं ते चालले. कोपरा आला. कोपीपाशी वीरण्णा उभा राहिला, वैजनाथ उभा राहिला, रामकिशननं हाताचा कर्णा करून तोंडाशी धरला. आरोळी उचलायला सगळे तयार झाले.

भुजंगरावांनी मडकं तुळजाबाईंच्या हातात दिलं. छाती भरून श्वास घेतला. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. तुळजाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. डहाळीच्या टोकाला जमणारा थेंब कधी पडतो ते त्या बघत राहिल्या. तो पडला.

"वैजूऽ," आरोळीच्याच आवाजात, शेजारच्या शिवारात ऐकू जाईल असं भुजंगराव ओरडले, "माझे बूट घरनं घेऊन ये इकडं! अन् उद्या सकाळी मला तुझ्यासंगं लातूरला ने, दवाखान्यात. मला पाय कळंना गेलेत!"