डाव्या भिंतीवरचा बर्फ

मित्रांनो, कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तरेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे भंगाराचे एक आवार आहे. तिथे कपडे धुण्याची यंत्रे, शेगड्या आणि गंजलेल्या सायकली यांच्या रांगेत मी उभा आहे. मी एक जुना डीप फ्रीझर. आडवा, पेटीसारखा, वरून उघडणारा. खेळता खेळता एखादे मूल आत अडकू नये म्हणून इथल्या लोकांनी माझे झाकण काढून घेतले. त्यांनी योग्यच केले. पण आता पाऊस थेट माझ्या पोटात पडतो. ज्याने छत्तीस वर्षे पाण्याचा बर्फ केला, त्याला पाणी नुसते साचलेले पाहावे लागते.

माझा जन्म क्वेबेकमधल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या एका पेटीत दुसरी पेटी, मधल्या पोकळीत फोम, आणि आतल्या पत्र्याला अगदी लागून पेन्सिलीएवढी एक लांबलचक वळणावळणाची नळी. त्या नळीतून फिरणारा वायू हाच माझा प्राण होता. बर्फ काढताना टोकदार वस्तू वापरू नये, अशी सूचना माझ्या झाकणाच्या आत चिकटवलेली होती. पाचसहा वर्षांत तिची अक्षरे पुसली गेली.

मला प्रथम घरी नेले ते मेट्रो बोडनर यांनी. ते रेल्वेचे डबे दुरुस्त करत. शरद ऋतूत ते हरणाचे मांस आणत, आणि त्यांची पत्नी ओरीसिया बटाटा भरलेल्या पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, शेकड्यांनी करून माझ्यात रचून ठेवत असे. वर्षातून दोनदा ती मला रिकामे करी, बंद करी, आत गरम पाण्याचे पातेले ठेवी आणि सुटत आलेला बर्फ लाकडी कालथ्याने हलक्या हाताने काढी. शेजारणींना ती सांगे, "हा माझ्या नवऱ्यापेक्षा बरा. घोरतात दोघंही, पण हा पगार पीत नाही." आयुष्यात माझी एवढी स्तुती पुन्हा कुणी केली नाही.

मेट्रो वारले. हरीण आणणारे कुणी राहिले नाही. मग मिसेस बोडनर यांनी मला शेजारच्या घरात देऊन टाकले. तिथे कोरीन गोतिए आणि तिची मुलगी जोसी अशा दोघीच राहत होत्या.

कोरीन एका वृद्धाश्रमात काम करत असे. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणे, भरवणे, कुशीवर वळवणे. तिचा नवरा पश्चिमेकडे तेलाच्या खाणींवर गेला होता. आधी त्याचे पैसे यायचे थांबले, मग फोन. कोरीन थकून घरी येई आणि येताना गाडीत बसूनच रस्त्यावरच्या उपाहारगृहाच्या खिडकीतून गरम जेवणाची पुडकी घेई. कामावर जाताना कॉफी, परतताना कॉफी. जोसीला वडील नाहीत म्हणून खेळणी. खोक्यांमागून खोकी दारात येत. पैसे नसताना हे सारे क्रेडिट कार्डावर होत होते, आणि एका कार्डाचा हप्ता दुसऱ्या कार्डातून भरला जात होता. हे सारे मी येण्याआधीचे; तळघराचा जिना माझ्या डोक्यावरूनच जात असल्यामुळे वरच्या बोलण्यातून ते मला पुढे कळले. वसुलीचा फोन वाजला की सहा वर्षांची जोसी त्याच्यावर उशी ठेवत असे.

मला तळघरात ठेवले त्याच दिवशी कोरीनने दह्याचा एक रिकामा डबा घेतला. त्यात पाणी भरले, उरलेले कार्ड त्यात बुडवले आणि डबा माझ्या डाव्या भिंतीशी ठेवला. बाकीची दोन तिने कापून टाकली होती. मिसेस बोडनर काठी टेकत पाहत होत्या.

"हे काय नवीन?"

"कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्या समुपदेशक बाईंनी सांगितलंय. बर्फ वितळायला अर्धा दिवस लागतो. तेवढ्यात म्हणे खरेदीची हौस उतरते."

"कार्ड कसलं गोठवतेस पोरी? नवऱ्याला गोठवायला हवं होतंस. वेळेवर."

"जागा नसती पुरली, मिसेस बोडनर."

दोघी हसल्या. त्या घरात मी ऐकलेले ते पहिले हसू.

मग माझ्या कामाची खरी वर्षे सुरू झाली. रविवारी कोरीन मोठ्या पातेल्यात एकदम दहा दिवसांचे रांधी. वाटाण्याचे सूप, कोबीत गुंडाळलेला भात, शिवाय दुकानात अर्ध्या किमतीची गुलाबी चिठ्ठी लागलेल्या मांसाचा रस्सा. जोसी कागदी चिकटपट्टीवर नावे लिही: "सूप, मंगळवार", "सूप, पुन्हा", "सूप, सॉरी". कॉफी घरच्या थर्मासातून जाऊ लागली. खोकी यायची थांबली. कापलेल्या दोन कार्डांचे कर्ज फिटले. गोठलेल्या तिसऱ्याचे फिटायला पुढचा ऑक्टोबर उजाडणार होता. जिन्यावरून उतरताना कोरीन कधीकधी "ऑक्टोबर" एवढाच शब्द स्वतःशी म्हणे.

पण याच काळात माझ्याकडे मात्र कुणाचे लक्ष राहिले नाही. मिसेस बोडनर यांचे गुडघे गेले होते, आणि कोरीन सुटीच्या रविवारीही जादा पाळी करू लागली. दोन वर्षे मला कुणी रिकामे केले नाही. बर्फ रोज कागदाएवढा चढतो. एका दिवसात तो दिसत नाही. डावी भिंत फुगत गेली आणि दह्याचा डबा तिच्यात रुतून बसला.

जानेवारीतल्या एका शनिवारी, भर दुपारी, कोरीन खाली आली. तिच्या एका हातात स्क्रूड्रायव्हर होता, दुसऱ्या हातात चुरगळलेली तीन रंगीत कार्डे. जोसीचा कोट धुवायला काढताना ती तिला खिशात सापडली होती. तीन मैत्रिणींच्या वाढदिवसांची निमंत्रणे होती ती, आणि तिन्ही तारखा उलटून गेल्या होत्या.

तिने डबा ओढून पाहिला. तो हलेना. तिने बर्फावर स्क्रूड्रायव्हर मारला. आवाज ऐकून जोसी जिन्यावर आली. ती आता दहा वर्षांची होती.

"मम्मा, काय करतेस?"

"बूट घालून तयार हो. आपण बाजारात जातोय. तुला हवं ते घेऊ."

"ते कार्ड काढतेस?"

"जोसी, तू मला सांगितलंस की तुला कुणी बोलावतच नाही."

"माझं पोट दुखत होतं."

"तिन्ही वेळा?"

जोसीने कठड्याच्या रंगाचा पोपडा नखाने काढला. "भेट न घेता गेलं की विचारतात. म्हणून नाही सांगितलं. मला चालतं, मम्मा. खरंच चालतं."

मित्रांनो, वसुलीच्या फोनने जे केले नव्हते ते या वाक्याने केले.

"तेच तर," कोरीन म्हणाली. "तुला सगळं चालतं. तेच सूप चालतं, आखूड झालेला कोट चालतो. दहा वर्षांच्या मुलीला इतकं चालायला नको गं. एक दिवस. मला फक्त एक दिवस दे."

आणि तिने दोन्ही हातांनी घाव घातला.

टोक बर्फातून आरपार गेले, पत्र्यातून गेले आणि नळीत शिरले. सूं असा बारीक आवाज सुरू झाला. डबा सुटून माझ्या तळाशी पडला. तो सूं आवाज माझा प्राण जाण्याचा होता. जोसी धावत आली आणि तिने त्या भोकावर बोट दाबून धरले. कोरीनने तिला ओढून मागे घेतले. दोघी तशाच उभ्या राहिल्या. आवाज हळूहळू बारीक होत थांबला. त्यानंतर माझे यंत्र कितीही घुरघुरले तरी मला गारवा करता आला नाही.

मिसेस बोडनर यांना बोलावणे गेले. त्या एकेक पायरी मोजत उतरल्या.

"स्क्रूड्रायव्हरनं? पोरी, मेट्रोनं पिऊन तर्र असतानासुद्धा हे केलं नाही."

"सहा आठवड्यांचं जेवण आहे आत," कोरीन डोळे पुसत म्हणाली.

"मग रडतेस कशाला? बाहेर उणे तीस आहे. सगळा मॅनिटोबा प्रांतच फ्रीझर आहे, वर विजेचं बिल नाही."

त्यांनी सारे अन्न मागच्या शेडमध्ये, झाकणाच्या पेट्यांत नेऊन ठेवले. बर्फाचा तो गोळा मात्र स्वयंपाकघरातल्या मोरीत गेला. अर्धा दिवस लागला, पण कोरीनची इच्छा उतरली नाही. रविवारी मायलेकी बाजारात गेल्या.

जोसीला केसाळ अस्तराचे बूट आले, मैत्रिणींसाठी उशिराच्या तीन भेटी आल्या, दोघींनी उपाहारगृहात जेवण केले. वरून जोसीचे हसणे ऐकू आले तेव्हा मी मेलेला असूनही मला बरे वाटले. पण एक दिवस एकच राहिला नाही. सोमवारी कोरीन थकून आली आणि पुडकी घेऊन आली. बुधवारीही. तळलेल्या बटाट्यांचा वास जिन्यावरून माझ्यापर्यंत येऊ लागला, आणि शेडमधले सूप तसेच पडून राहिले. गाडीचा गिअरबॉक्स गेला, तोही कार्डावर. सारे वर्षभर जे फेडले होते त्यातले निम्म्याहून अधिक सहा आठवड्यांत पुन्हा अंगावर आले. आणि नव्या बुटांवरची किमतीची चिठ्ठी जोसीने पंधरा दिवस काढली नव्हती. परत करता यावेत म्हणून ती बुटांवरून मोजे चढवून फक्त गालिच्यावर चालत असे. हे कोरीनला फार उशिरा दिसले. त्या दिवशी ती तळघरात येऊन माझ्या झाकणावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. "ऑक्टोबर" हा शब्द त्यानंतर मी ऐकला नाही.

मार्चच्या शेवटी थंडी सैल झाली. मिसेस बोडनर यांनी हाक मारली, "पोरी, शेडमधून थेंब पडताहेत. किती आहे आत?"

"चाळीस एक डबे."

"आणि तू बाहेरचं आणतेस?"

कोरीन शेडकडे निघाली.

"खाली तो रिकामा आहे ना? त्याला गारवा करता येत नाही, पण धरता तर येईल. बर्फ भर त्याच्यात."

जोसीने अंगणातला बर्फ बादल्या भरभरून आणला. कोरीनने डबे रचले आणि वरून बर्फ दाबला. मित्रांनो, माझ्यात प्राण नव्हता, पण फोम शाबूत होता. मी अकरा दिवस धरून राहिलो. ते अकरा दिवस त्या घरात बाहेरचे काही आले नाही, कारण रोज काहीतरी नासायच्या बेतात होते आणि ते आधी खायला हवे होते. एका संध्याकाळी मिसेस बोडनरही जेवायला आल्या. बशा घेऊन तिघी जिन्याच्या पायऱ्यांवरच बसल्या.

"किती झालंय परत?" मिसेस बोडनर यांनी विचारले.

कोरीनने आकडा सांगितला. जोसीसमोर सांगितला. याआधी तिने तो कधी तिच्यासमोर उच्चारला नव्हता.

"मग पुन्हा सुरुवात."

"सुरुवात तरी कुठली? मी सुरुवातीच्याही मागे गेलेय. तिला बूट हवे होते की नाही हेसुद्धा विचारलं नाही मी."

"हवे होते," जोसी म्हणाली. "पण तू रडणार असलीस तर नको होते."

कोरीनने बशी खाली ठेवली. माझ्या तळाशी पाणी ठिबकत होते.

बाराव्या दिवशी माझ्यात नुसते पाणी उरले. एप्रिलमध्ये दोन माणसे मला न्यायला आली. पाच वर्षांत प्रथमच मी जिना चढलो. दारात थांबून त्यातल्या मोठ्याने विचारले, "नवीन कधी येतोय, बाई? एवढ्याशा हप्त्यावर मिळतात हल्ली. आधी काहीच द्यावं लागत नाही."

मला कोरीनचे हात दिसत होते. ते एप्रनच्या खिशात गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. पुढचा हिवाळा माझ्याविना काढायचा म्हणजे रोज उभे राहून रांधायचे, आणि रोज थकून येताना त्या खिडकीवरून गाडी पुढे न्यायची.

"नको," ती म्हणाली.

जोसीने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत आनंद नव्हता, विश्वासही नव्हता. ती फक्त नीट पाहत होती, उद्याही पाहणार होती. मग दार लागले आणि मला गाडीत चढवले. पुढचे मला ठाऊक नाही. त्या कर्जाचे काय झाले हे भंगाराच्या आवारात कुणी सांगायला येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या भिंतीवरचा बर्फ कागदाएवढा असतानाच हात फिरवून पाहा. त्याला रिकामा करा, बंद करा, आत गरम पाण्याचे पातेले ठेवा आणि वाट पाहा. लोखंड वापरू नका. सगळे मिळून तीन तास लागतात. ते तीन तास कोरीनकडे नव्हते, म्हणून मी तिला दोष देत नाही. तुमच्याकडे असतील तर द्या; आणि शेजारी कुणाकडे नसतील, तर त्यांच्या घरी जाऊन द्या.