भोपळ्यात वारा

अधीक्षक साहेब, तुम्ही माझ्या भावाच्या तारप्याचा भोपळा चिरलात. तलासरीकडच्या तुमच्या वसतिगृहाच्या दारात, स्वयंपाकघरातून सुरी मागवून, माझ्या डोळ्यांदेखत. मी सुषमा, मिथुनची मोठी बहीण, डहाणूला चिकूच्या वाडीत कामाला.

मिथुन चौदाचा. गेल्या वर्षी त्याचा आवाज फुटला. एक शब्द जाडा, पुढचा चिरका. पोरं म्हणायची, "ए बेडक्या, हजेरी दे ना." त्याने "हजर" म्हणणंच सोडलं. वर्गात बसलेला पोरगा गैरहजर लागत होता, आणि एकाही मास्तराने मान वर करून पाहिलं नाही.

दिवाळीत घरी आला तेव्हा कैनाडच्या लहान्या आजाने त्याच्या हातात आपला जुना तारपा दिला. "बोलू नको. फुंक. गालात वारा ठेव, नाकाने घे, तुटू देऊ नको."

आठ दिवस नुसतं म्हैस अडल्यासारखं. आई म्हणाली, "हा आजा आपल्याला पाड्यातून हाकलवणार."

नवव्या दिवशी सूर धरला. जेवताना मिथुन आपणहून म्हणाला, "ताई, गाल दुखतात गं." 'गं' चिरकला. तो स्वतःच हसला. वर्षात पहिल्यांदा.

स्नेहसंमेलनात वाजवायचा म्हणून तारपा घेऊन आला. मी सोडायला आले होते. तुम्ही विचारलंत, "भोपळ्यात काय आहे?"

"वारा, सर."

पोरं हसली. या वेळी त्याच्यासोबत.

"उलट बोलतोस? ताडीचा वास येतोय."

वास सांधे बुजवायच्या मेणाचा होता, साहेब, आणि ताडाच्या पानांचा. तारप्याचा कर्णा त्या पानांचाच असतो. मी हे सांगेपर्यंत सुरी फिरली. आत काही नव्हतं. तुम्ही बोट घालून पाहिलंत. वर म्हणालात, "दुसरा घे. शोपीसच्या दुकानात मिळतो."

मिथुनने तोंड उघडलं. आवाज आला नाही. बारा दिवस झाले, घरी आहे, अजून आलेला नाही. आजा म्हणतो, नवा भोपळा पावसात लावायचा, वेलीवर जून होऊ द्यायचा, मग वाळवायचा. तोवर या पोराचं काय करू?

आत थेंबभर ताडी असती तर तो वाजलाच नसता. "वाजवून दाखव", एवढंच का नाही म्हणालात? उत्तर द्या. कागदावर नको. आमच्या घरी या, मिथुनसमोर बसा, आणि द्या.