रॉनीचं तिसरं कडवं

मैनाचा नवरा केवळराम बल्लारशाला वर्धा नदीत जाळं टाकायचा आणि हिवाळा लागला की दंडारीत, गावच्या लोकनाट्यात, गायचा. रेल्वेच्या क्वार्टरांत मासळी पोचवताना त्याला एक इंग्रजी गाणं भेटलं. साल अठ्ठावन्न.

इंजिन ड्रायव्हर पीटरसाहेबांचा एकुलता लेक रॉनी कलकत्त्याच्या हॉटेलांत रॉक अँड रोल गायचा. तरणी पोरं त्याच्यापायी वेडी झाली होती म्हणे. एकच रेकॉर्ड निघाली आणि चोविसाव्या वर्षी तो मोटारीच्या अपघातात गेला. साहेब रोज दुपारी ती रेकॉर्ड लावून बसत. मैना मासे साफ करून देई, तोवर केवळराम खिडकीखाली उभा राही. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी महिन्याभरात गाणं त्याच्या तोंडी बसलं.

सावली गावाकडच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, भर दुपारी दंडार चालू असताना त्याने ते गायलं. गुडघे वाकवून अंग असं काही घुसळलं की ढोलकीवाला पत्रू आधी बिचकला, मग त्यानेही ताल धरला. लोक बैलगाड्यांवर चढून बघू लागले. त्या हंगामात गावोगावची बोलावणी आली. 'इंग्रजी केवळराम' हे नाव नदीपलीकडे राजुऱ्यापर्यंत गेलं.

मैनाच्या जिवाला मात्र घोर लागला. तो झोपेत परक्या बोलीत बडबडायचा. जन्माचा मासेमार, पण आता त्याला मासळीचा वास सोसेना.

मग एका मंडईला स्वतः पीटरसाहेब आले. गाणं संपलं आणि म्हातारा गर्दीतून पुढे आला.

"ये तीसरा अंतरा तूने कहाँ सुना?"

"तुमच्याच रेकॉर्डवर, साहेब."

"रेकॉर्ड में दो ही हैं. तीसरा वो सिर्फ घर में गाता था. अपनी माँ के लिए."

मैनाने केवळरामचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

त्यानंतर साहेब दर रविवारी झोपडीत येऊ लागले. केवळराम गायचा, म्हातारा डोळे पुसायचा. हळूहळू साहेब त्याला रॉनी म्हणू लागले आणि तो ओ देऊ लागला. एका रविवारी मैनाने चुलीपाशून हाक मारली, "ऐकता का?" त्याने वळूनही पाहिलं नाही.

ती उठून साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, माहा बी लेक गेला. याच नदीत. पण मी दुसऱ्याच्या पोराले त्याचं नाव देऊन नाई राह्यली. माहा माणूस मले वापस द्या."

म्हाताऱ्याने केवळरामच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी इंग्रजीत हळूहळू काहीतरी सांगितलं. त्यातलं 'रॉनी' एवढंच मैनाला कळलं. केवळराम लहान लेकरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो जाळं घेऊन नदीवर गेला.

साहेब पुढल्या महिन्यात बदली घेऊन गेले.

पुढच्या हंगामात मंडईत लोकांनी ओरडा केला, "इंग्रजी गाणं होऊ दे!" केवळरामने तोंड उघडलं, पण एक शब्द आठवला नाही. त्याने गवळण धरली. लोक एकेक करून उठले. शेवटपर्यंत मैनाच बसून होती.

नवरा तिला परत मिळाला होता. तो पोटभर जेवत होता, झोपेत गप्प राहत होता. पण नदीकाठी मासे साफ करताना तिचा हात मधेच थांबे. साहेबाचं ते पोर मंग आता कुठी गेलं असन, हे ती कोणाला विचारणार होती?