सावलीच्या पाठाचं चिंतन

तंत्रज्ञानामुळे प्राथमिक शिक्षणात आमूलाग्र परिवर्तन घडून येते आणि बालमन ज्ञानाच्या तेजाने उजळून निघते.

हे वाक्य छात्रशिक्षिकेने आपल्या पाठानंतरच्या चिंतनात लिहिलं. लिहिलं मात्र पाठाच्या आदल्या संध्याकाळी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता. तिच्या अध्यापक विद्यालयात चिंतन आधीच उरकून ठेवायची पद्धत होती. पाठानंतर माणूस दमलेला असतो, अक्षर बिघडतं. ‘विद्यार्थ्यांनी चित्रफीत तल्लीन होऊन पाहिली,’ असंही तिने लिहिलं आणि खाली पट्टीने रेघ मारली.

मागच्या खेपेला तिने शर्टाची बटणं वापरून बेरीज शिकवली होती. मुलांना बेरीज आली, पण ‘तंत्रज्ञान’ हा रकाना कोरा राहिला आणि पाठ नापास झाला. आता ही शेवटची संधी. हुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की दादाच्या टायरच्या दुकानातली खुर्ची. दादा प्रेमळ होता. त्याने त्या खुर्चीवर नवी उशीसुद्धा आणून ठेवली होती.

वर्ग दुसरीचा, विषय सावली. चित्रफितीत सूर्य झाडाच्या या अंगाकडून त्या अंगाला जायचा आणि सावली लांब-आखूड व्हायची. भिंतीवर हे नीट दिसावं म्हणून खिडक्यांना पुठ्ठे लावावे लागले, कारण बाहेर सूर्य होता.

“अंगणात नेलं असतंस तर?” वर्गाच्या बाई पुठ्ठा धरून म्हणाल्या. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे त्या मनातलं बोलायला लागल्या होत्या.

“अंगणात प्लग नाही, बाई.”

“हो, तेही आहेच.”

परीक्षक सर मागे मुलांच्या खुर्चीवर बसले होते. गुडघे हनुवटीला टेकले होते, तरी चेहऱ्यावरचा अधिकार हलला नव्हता.

तिने प्रोजेक्टर लावला. भिंत पांढरीशुभ्र उजळली आणि खालच्या कोपऱ्यात अक्षरं आली : ‘अपडेट होत आहे. कृपया बंद करू नका.’ शेजारी, तीन टक्के.

“ताई, तीन टक्के म्हणजे नापास ना?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. आवाजामुळे तिला सगळे चिमणी म्हणत.

छात्रशिक्षिका ताई पेचात पडल्या. यंत्र बंद करावं तर रकाना कोरा, वाट बघत बसावं तर पाठच कोरा. तेवढ्यात चिमणी आकडा जवळून बघायला उठली आणि भिंतीवर तिचं हंड्याएवढं डोकं उमटलं.

“ए, बस की खाली. तुझं डोकं मध्ये येतंय.”

“माझं नाही, सावलीचं येतंय.”

“मग सावलीला बसव.”

चिमणी बसली. सावलीही बसली. हे सगळ्या वर्गाने नीट पाहिलं.

“ताई, हिचं डोकं एवढं मोठं कसं झालं?”

“आधीपासूनच आहे,” मागून कोणीतरी म्हणालं.

“गप्प बसा, आता चित्रफीत सुरू होईल,” हे वाक्य ताईंच्या ओठांवर आलं होतं. पाठाच्या आराखड्यात ते लिहिलेलंही होतं. पण आकडा अजून नऊवर रेंगाळत होता. त्या म्हणाल्या, “चिमणी, यंत्राकडे सरक बघू.” डोकं छतापर्यंत गेलं. “आता भिंतीकडे.” डोकं नारळाएवढं झालं. मग रांगच लागली. दिव्याजवळ मोठी, भिंतीजवळ छोटी, हे मुलांनीच एकमेकांना सांगितलं, काहींनी ढकलून सांगितलं. शेवटी कोणीतरी सरांनाही उठवलं. त्यांच्या पोटाने अर्धी भिंत व्यापली.

“सर, भिंतीजवळ जा,” चिमणी म्हणाली, “म्हणजे मावाल.”

सर गेले. मावले.

तास संपता संपता अपडेट झालं आणि संगीताच्या तालावर भिंतीवर सूर्य उगवला.

“ताई, ते बंद करा ना,” मुलं कुरकुरली. “सावली नीट दिसत नाहीये.”

नंतर शिक्षकांच्या खोलीत सरांनी फाइल उघडली. “‘तल्लीन होऊन पाहिली’?”

“सर, ते कालचं आहे. खरं काय झालं ते लिहून देते.”

“माझा शेराही सकाळचाच आहे. ‘चित्रफितीचा परिणामकारक वापर.’ दोन्ही जुळतंय. जुळलेलं कशाला बिघडवता?”

“पण सर, चित्रफीत लागली नाही म्हणून तर मुलं शिकली.”

सरांनी ‘तंत्रज्ञान’ या रकान्यावर बोट ठेवलं. “यंत्र चालू होतं ना?”

“हो.”

“शेवटपर्यंत?”

“हो, सर.”

“मग पास.”

दादाने उशी स्वतःसाठी घेतली.

तरी तिने नवं चिंतन लिहिलं, पहिल्यांदाच पाठ झाल्यावर. सूर्य शिकवण्यासाठी आपण सूर्य झाकला, हे लिहिलं. यंत्र नुसता दिवा झालं तेव्हाच उपयोगी पडलं, हेही लिहिलं. शिवाय ते अडकलं नसतं तर आपल्याला हे कळलं नसतं, म्हणून त्याला अगदीच नावं ठेवता येत नाहीत, असंही. अक्षर खरंच बिघडलं होतं. ते कागद घेऊन ती विद्यालयाच्या कार्यालयात गेली.

लिपिकाने कागद उलटून पाहिले आणि परत दिले.

“फाइलमध्ये चिंतनाला एकच पान असतं, ताई. तुमचं भरलंय.”