वैद्यबाईंचा मुका खल

मित्रांनो, खिडकीपाशी पालथा पडलेला हा काळ्या दगडाचा जुना खल, तो मीच. पाथरवटाने मला एका अखंड दगडातून घडवले आणि चाळीस वर्षे मी वैद्यबाईंच्या हाताखाली राबलो. बाईंना मागेपुढे कोणी नव्हते. एक खोली, एक बाक आणि दारातल्या कुंड्यांत भुईआवळा, एवढाच त्यांचा दवाखाना. कावीळ झाली की लोक तिथेच धावत. बत्त्याचा आवाज आला की रोग्याला निम्मे बरे वाटे. मीही तेव्हा फुशारलो होतो. खोटे कशाला बोलू?

एके दिवशी कोपऱ्यावरचा शिंपी आला. डोळे पिवळेधमक.

“बाई, तेवढा भुईआवळा वाटून द्या.”

“दुसरं काही औषध चालू आहे?”

तो घुटमळला. “इस्पितळातल्या गोळ्या. क्षयाच्या. दोन महिने झाले.”

बाईंनी बत्ता खाली ठेवला. “मग ही कावीळ त्या गोळ्यांचीही असेल. यकृताशी खेळ नको. डॉक्टरांना डोळे दाखवलेस?”

“ते रागावतील. तुमच्या पाल्यात दम नाही का?”

“नाही, असं समज. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील. ऊठ, मी येते बरोबर.”

शिंपी तीन आठवडे इस्पितळात होता. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि तो वाचला. पण गल्लीत बोभाटा झाला, “बाईंनीच हात टेकले!” हळूहळू माणसे यायची थांबली. शिंपीही ओशाळून पलीकडच्या बाजूने जाऊ लागला.

बाई मात्र रोज सकाळी मला धुऊन पुसत. “आज येईल कोणीतरी,” म्हणत. माझ्याशिवाय ऐकायला होते कोण? आणि मला कुठे बोलता येत होते?

वर्षभराने एका दुपारी शिंपी उंबऱ्यात उभा राहिला.

“काय होतंय रे?” बाईंनी घाईने मला पुढे ओढले.

“काही नाही, बाई. ठणठणीत आहे. नुसता बसायला आलोय.”

बाईंनी तोंड फिरवून डोळे टिपले. पुढच्याच हिवाळ्यात त्या गेल्या. तेव्हापासून मी असाच पालथा आहे.

मित्रांनो, पाला असो की गोळी, जे घेता ते डॉक्टरांपासून लपवू नका. आणि ज्याने तुम्हाला वाचवले, त्याच्या दारी एकदा तरी काही दुखत नसताना जा. शिंपी तसा बाईंच्या दारी गेला, पण फार उशिरा.